पासिंग संपलेली गाडी पुन्हा रस्त्यावर कशी आणाल?

मेकॅनिकलला प्रवेश घेतलेल्या प्रत्येक मुलाला गावाकडे गेल्यावर एक वाक्य ऐकावंच लागतं : "तू इंजिनिअर होणार ना? मग आमची ती उभी गाडी चालू करून दे बरं!" आमच्या सटाण्यात अशा उभ्या गाड्या काही कमी नाहीत. कुणाची कांद्याच्या चाळीमागे, कुणाची पत्र्याच्या शेडमध्ये, तर कुणाची चिंचेखाली. इंजिन चालू करणं हे त्यातलं सोपं काम. अवघड काम असतं गाडीला कायद्याच्या नजरेत जिवंत करणं. माझ्या मामांच्या २००९ च्या मारुती ८०० साठी हे दोन्ही मी केलं. त्यातून जे शिकलो ते इथे क्रमाने मांडतो.

आधी रोग ओळखा

आपण सरसकट म्हणतो, "गाडी डीरजिस्टर झाली." पण मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये तीन वेगवेगळ्या अवस्था आहेत आणि तिघींचं औषध वेगळं आहे.

पहिली, मुदत संपलेली नोंदणी. कलम ४१ नुसार खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. यालाच आपण 'पासिंग संपलं' म्हणतो. गावाकडच्या बहुतेक गाड्या याच गटातल्या. या गाड्या हमखास परत येऊ शकतात.

दुसरी, निलंबित नोंदणी. गाडी लोकांना धोकादायक आहे किंवा विनापरवाना भाड्याने चालवली, अशा कारणांनी कलम ५३ खाली नोंदणी थांबवली जाते. कारण दूर करून ती सोडवता येते. पण निलंबन सलग सहा महिने राहिलं, तर कलम ५४ खाली नोंदणी रद्दही होऊ शकते.

तिसरी, रद्द नोंदणी. गाडी कायमची निकामी झाली म्हणून मालकाने किंवा कार्यालयाने कलम ५५ खाली ती रद्द केलेली असते. आदेश मान्य नसेल तर कलम ५७ खाली अपिलाला ३० दिवस मिळतात. त्यानंतर वाट फार अरुंद होते. अधिकृत स्क्रॅपिंग केंद्राने गाडी घेऊन 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' दिलं असेल, तर ती वाट बंदच. सरकारी लिलावातल्या जुन्या जीपचा मोह असणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी गाड्यांची नोंदणी १५ वर्षांनंतर वाढवली जात नाही.

दिल्लीत १० वर्षांची डिझेल आणि १५ वर्षांची पेट्रोल गाडी बंद, हे आपण ऐकलेलं असतं. तो सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा आदेश दिल्ली परिसरापुरता होता, आणि २०२५ मध्ये न्यायालयानेच त्याची धार कमी केली. आपल्याकडे खासगी गाडीला वयाची अशी सरसकट बंदी नाही. इथे गाडीची तब्येत पाहतात. मात्र तिकडची स्वस्त गाडी घ्यायची झाल्यास तिथल्या कार्यालयाची एनओसी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

आपली गाडी कुठल्या गटात आहे हे परिवहन खात्याच्या 'वाहन' संकेतस्थळावर नंबर टाकून कळतं. फार जुन्या गाडीची नोंद तिथे सापडत नाही. अशा वेळी मूळ कार्यालयात आरसी बुक दाखवून आधी ती नोंद चढवून घ्यावी लागते.

"माझ्या मळ्यात तर चालवतो!"

मामांचा पहिला सवाल होता, "अरे बाबा, गाडी माझी, मळा माझा. पासिंग कशाला लागतं?" मीही कलम ३९ वाचेपर्यंत उत्तर शोधत होतो. त्या कलमात सार्वजनिक जागा 'किंवा इतर कोणतीही जागा' असे शब्द आहेत. म्हणजे मळ्याची सबब चालत नाही. आणि मळ्यातून निघालेली गाडी विंचूर-प्रकाशा रस्त्यावर यायला असा कितीसा वेळ लागतो?

कलम १९२ चा दंड पहिल्या वेळी २ ते ५ हजार आहे. लोक म्हणतात, भरू! पण खरी भीती दंडाची नाहीच. २०१४ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की वैध नोंदणी नसताना गाडी रस्त्यावर चालवणं हा विमा कराराचा मूलभूत भंग आहे. म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा पैसा विसरा. त्याहून वाईट म्हणजे समोरच्या सायकलवाल्याला धक्का लागला आणि गाडीला विमाच नसला तर? भरपाई मालकाने भरायची. ती भरली नाही, तर कलम १७४ खाली जिल्हाधिकारी ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करू शकतात. शेतकऱ्याच्या घरात याचा अर्थ वेगळा सांगायला नको. पन्नास हजारांच्या गाडीपायी सातबारा पणाला! हे ऐकल्यावर मामा गप्प झाले आणि आरसी शोधायला आत गेले.

कागदांची तयारी

सटाणा हे देवमामलेदारांचं गाव. दुष्काळात सरकारी खजिना लोकांसाठी उघडणाऱ्या अधिकाऱ्याचं मंदिर जिथे आहे, तिथल्या माणसाने तरी सरकारी कागदाला भिऊ नये! आम्हाला जवळचं परिवहन कार्यालय मालेगावचं, एमएच ४१, सुमारे ३५ किलोमीटरवर. मुख्य अर्ज एकच, फॉर्म २५. खरं तर तो मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करायचा असतो. पण त्याआधी पुढच्या गाठी सोडवाव्या लागतात :

१. आरसी हरवली असेल तर पोलिसांत नोंद करून फॉर्म २६.
२. मूळ मालक वारले असतील तर वारसाच्या नावासाठी फॉर्म ३१.
३. गाडी विकत घेऊन नावावर केलीच नसेल तर फॉर्म ३०.
४. पत्ता बदलला असेल तर फॉर्म ३३.
५. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर सावकार संस्थेच्या सहीचा फॉर्म ३५. कर्ज दहा वर्षांपूर्वी फिटलं तरी आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही. संस्था दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल, तर सही नव्या बँकेची.

याशिवाय चालू विमा, पीयूसी, थकलेला कर आणि दंड असल्यास त्यांच्या पावत्या लागतात. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेटही बसवावी लागते.

खर्चाचं गणित

एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारींसाठी ती १०,००० झाली. दुचाकीला हेच आकडे १,००० आणि २,००० आहेत. उशीर झाला, तर दर महिन्याला किंवा महिन्याच्या भागाला मोटारीसाठी ५०० आणि दुचाकीसाठी ३०० रुपये जादा.

मामांच्या गाडीची मुदत १५ जून २०२४ ला संपली होती. अर्ज १० सप्टेंबर २०२५ ला गेला. उशीर १४ पूर्ण महिने आणि वर काही दिवस, म्हणजे १५ महिने. १५ × ५०० = ७,५००. त्यात फी ५,००० मिळवली की १२,५०० रुपये. यात राज्याचा पर्यावरण कर, विमा आणि गॅरेजचं बिल नाही. म्हणजे फीपेक्षा उशीरच महाग पडला! "बघू दिवाळीनंतर" असं एकदा म्हटलं की दोन-तीन हजार सहज वाढतात.

आता आपला विषय : यंत्र

दीड-दोन वर्षं उभ्या गाडीला सरळ स्टार्टर मारू नका. आधी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा आणि क्रँक हाताने फिरवून पाहा. पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असतील तर इथेच कळतं. टायमिंग बेल्ट बाहेरून चांगला दिसला तरी बदला. जुनं पेट्रोल उतरवा, कारण त्याचा राळेसारखा थर इंजेक्टर आणि पंपात बसतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यामुळे जुने रबरी पाइप आणि सीलही पाहून घ्या.

सगळ्यात महत्त्वाचे ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, तर ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी मानकातली किमान मर्यादा फक्त १४० अंश आहे. घाटात सतत ब्रेक दाबला की आत वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. म्हणून ऑइल पूर्ण बदलायचंच. आमच्या गाडीच्या मागच्या व्हील सिलिंडरचे रबर कडक झाले होते आणि हँडब्रेकची केबल गंजली होती. दोन्ही नवीन घातले. टायरवरचा चार आकडी कोड वाचायला शिका. '१२१८' म्हणजे २०१८ सालचा बारावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी म्हातारं रबर पकड सोडतं.

पीयूसीला भारत स्टेज २ किंवा त्यापुढच्या पेट्रोल मोटारीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएम ही मर्यादा आहे (भारत स्टेज ४ पासून ती आणखी कडक). त्याआधीच्या गाडीला ३ टक्के आणि १,५०० पीपीएम. इंजिन चांगलं गरम झाल्यावरच चाचणी द्या. थंड इंजिनात मिश्रण श्रीमंत असतं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही काम करत नाही, आणि चांगली गाडीसुद्धा नापास होते.

तपासणीचा दिवस

गाडी मालेगावला चालवत नेली नाही, टेम्पोत चढवून नेली. नोंदणी मिळवण्यासाठी बिननोंदणीची गाडी ३५ किलोमीटर चालवायची, हा कुठला न्याय?

निरीक्षक सगळ्यात आधी चेसिस नंबर पाहतात. अर्जासाठी त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून प्रिंट घ्यावी लागते. कायद्यासाठी गाडीची ओळख म्हणजे हा नंबर. गंज काढताना त्या जागी ग्राइंडर लावू नका! तिथे फक्त रॉकेलचा बोळा आणि मऊ ब्रश. नंबर पुसला गेला, तर उत्तम इंजिनसुद्धा तुम्हाला वाचवणार नाही. इंजिन बदललेलं असेल, तर त्याची नोंद आरसीवर आधीच हवी. त्यानंतर ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, हॉर्न, वायपर, स्पीडोमीटर आणि टायर. सगळं ठीक असेल तर ५ वर्षांचं नूतनीकरण.

आणि परवडत नसेल तर?

सांगाडा गंजून पोखरला असेल, तर हट्ट करू नये. अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रात गाडी देऊन प्रमाणपत्र घ्या आणि नोंदणी रीतसर रद्द करा. भंगारवाल्याला नुसतीच विकली, तर ती कागदोपत्री तुमच्याच नावावर फिरत राहते. घरात ५० वर्षांवरची मूळ स्वरूपातली गाडी असेल, तर २०२१ च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' नोंदणी मिळते. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण ती गाडी प्रदर्शन, रॅली अशा कामांपुरतीच, रोज बाजारात न्यायची नाही.

आपण चार वर्षं यंत्र शिकतो, पण रस्त्यावरच्या यंत्राला कागदाचाही एक भाग असतो, हे अभ्यासक्रमात कुठे नाही. या सुट्टीत घरी गेलात की एवढंच करा. गाडीची आरसी काढा, त्यावरची मुदतीची तारीख वाचा, आणि तिच्या ६० दिवस आधीची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी