तंबोऱ्याची निवड

(मिरजेचे कारागीर तंबोरा कसा घडवतात आणि तो करून घेताना काय पाहावे, हे या पाठात सांगितले आहे.)

गाण्याची मैफल तुम्ही पाहिली असेल. गायकाच्या मागे बसून कोणीतरी चार तारा एकामागून एक छेडत असते. ते वाद्य म्हणजे तंबोरा. तंबोऱ्यावर गाणे वाजत नाही. पण त्याच्या आधारानेच गायक सूर धरतो.

तंबोऱ्यासाठी सांगली जिल्ह्यातील मिरज प्रसिद्ध आहे. तेथील शिकलगार पूर्वी तलवारी, भाले यांना धार लावत. लढाया थांबल्या आणि हा धंदा बसला. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब सतारमेकर यांनी वाद्ये घडवण्यास सुरुवात केली. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ याच मिरजेत राहत असत.

समजा, तुमची आपा गाणे शिकते. तिच्यासाठी तंबोरा करून घ्यायचा आहे. तुम्ही कारागिराला काय सांगाल?

प्रथम आवाजाची पट्टी सांगा. पुरुषांचा आवाज खालच्या पट्टीतला असतो. त्यांचा तंबोरा सुमारे पाच फूट लांब व मोठ्या भोपळ्याचा असतो. स्त्रियांचा आवाज उंच, म्हणून त्यांचा तंबोरा लहान. आपासाठी पुरुषी तंबोरा आणला, तर उंच सुरासाठी तारा फार ताणाव्या लागतील आणि त्या तुटतील.

मग भोपळा पाहा. हा भाजीचा भोपळा नव्हे. तो कडू असतो. पंढरपूरच्या परिसरात त्याची लागवड होते. वेलावर पूर्ण पिकलेला भोपळा उन्हात खडखडीत वाळवतात. त्याची साल जाड व सारखी असावी. भेग असलेला भोपळा घेऊ नये.

आता लाकूड. दांडी आणि तबली यांसाठी तून नावाच्या झाडाचे तांबूस लाकूड वापरतात. सागवान बळकट असते, पण जड. तून हलके असते आणि त्याला कीड सहसा लागत नाही. मात्र ते पूर्ण वाळलेले हवे. ओले लाकूड पुढे आकसते. मग दांडी वाकते, तबली तडकते. अशा तंबोऱ्याचा सूर टिकत नाही. म्हणून कारागीर ''थोडे थांबा'' म्हणाला, तर रागावू नका. तो तुमच्याच हिताचे बोलत असतो.

काही गोष्टी आवडीच्या असतात. तारा चार हव्यात की पाच? नक्षी साधी की भरगच्च? पूर्वी नक्षीसाठी हस्तिदंत वापरत. आता त्याच्या व्यापारावर कायद्याने बंदी आहे. त्याऐवजी प्लॅस्टिक वापरतात. पैसे थोडे असतील, तर नक्षी कमी करा; लाकडात काटकसर करू नका. नक्षी डोळ्यांसाठी असते, लाकूड कानांसाठी.

शेवटचे काम जवारीचे. तबलीवरच्या घोडीचा माथा कारागीर हळूहळू घासतो. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवतो. दोरा योग्य जागी आला, की तार एकदम गुंजू लागते. ही जागा मोजपट्टीने सापडत नाही. ती कानाने शोधावी लागते. हा कान वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार होतो.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. या गावाच्या कारागिरीला कायद्याने ओळख मिळाली. पण आज तंबोऱ्याचा आवाज देणारी विजेची यंत्रे स्वस्तात मिळतात. हातातली विद्या केवळ कागदावर टिकत नाही. ती शिकणारी मुले हवीत आणि पारखून घेणारी गिऱ्हाइकेही हवीत.

शब्दार्थ

कारागीर – हाताने वस्तू घडवणारा (उर्दूत 'कारीगर')
पट्टी – गाण्यासाठी धरलेली सुराची उंची
तबली – भोपळ्यावर बसवलेली लाकडी फळी
घोडी – तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी
पारखणे – गुणदोष ओळखणे

स्वाध्याय

१. स्त्रियांचा तंबोरा लहान का असतो?
२. ओल्या लाकडामुळे कोणते नुकसान होते?
३. 'नक्षी डोळ्यांसाठी असते, लाकूड कानांसाठी', याचा अर्थ सांगा.
४. तुमच्या गावातील एका कारागिराला भेटा. तो माल कसा निवडतो, ते पाच वाक्यांत लिहा.