भूकंप आणि पोलादी इमारतींचे तिरपे आधार

चार काठ्यांच्या टोकांना एकेक खिळा मारून चौकट केली व ती कडेने ढकलली, तर ती सहज तिरकी होते. तीत कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पाचवी काठी ठोकली की चौकट घट्ट राहते; कारण बाजूंची लांबी बदलल्यावाचून त्रिकोणाचा आकार बदलत नाही. वर्गात सहज करून दाखविता येणाऱ्या या प्रयोगातच पोलादी इमारतींतील तिरप्या आधारांचे, म्हणजे ब्रेसिंगचे, तत्त्व सामावले आहे.

भूकंपात जमीन उलटसुलट हलते. त्यामुळे ज्या आधारावर एका क्षणी ताण येतो, त्याच्यावरच दुसऱ्या क्षणी दाब येतो. पोलाद ताण चांगला सोसते. परंतु दाबाखाली लांब व सडपातळ आधार बाक घेतो. पुनःपुन्हा वाकून सरळ होताना तो तडकून तुटू शकतो. म्हणून आधार फार सडपातळ नसावेत. तसेच प्रत्येक ओळीत ते दोन्ही दिशांना झुकलेले असावेत, म्हणजे धक्का कोणत्याही बाजूने आला तरी काही आधार ताणात राहतात.

मोठ्या भूकंपात आधारांनी ताणले जावे, वाकावे व धक्क्याची ऊर्जा पचवावी. सांधे आणि खांब मात्र शाबूत राहावेत, कारण इमारतीचे वजन खांबांवर असते. हा क्रम उलटला की अनर्थ ओढवतो. १९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिको शहरातील पिनो सुआरेझ संकुलाचा २१ मजली पोलादी मनोरा शेजारच्या १४ मजली इमारतीवर कोसळला. तेथे तिरप्या आधारांचे बळ हिशेबापेक्षा अधिक ठरले. जादा भार खांबांवर गेला आणि पेटीच्या आकाराच्या त्या खांबांचे पत्रे चुरडले.

तिरपे आधार खांबाच्या मध्यावर जोडणेही घातक होय. दाबातील आधार वाकताच ताणातील आधार खांबाला आडवा ओढतो.

कोयना (१९६७) व किल्लारी (१९९३) येथील भूकंपांचा अनुभव घेतलेल्या प्रदेशात हा विषय केवळ अभियंत्यांपुरता राहत नाही. गोदामाचे दार रुंद करण्यासाठी अथवा शाळेच्या शेडमध्ये वाट काढण्यासाठी तिरपा आधार कापला जातो. रोजच्या वापरात त्याची उणीव जाणवत नाही. ती भूकंपातच जाणवते. अभियंत्याच्या सल्ल्यावाचून असा आधार कोणीही काढू नये, आणि गंजलेले सांधे वेळीच दुरुस्त करून घ्यावेत.