जुन्या संगणकाची स्मृतिपरीक्षा

रोग्याचें म्हणणें नीट ऐकून घेणें ही ज्याप्रमाणें वैद्याची पहिली पायरी होय, त्याप्रमाणें बिघडलेलें यंत्र स्वतः काय सांगत आहे हें समजून घेणें ही दुरुस्ती करणाराची पहिली पायरी होय. पुष्कळ लोक ही पायरी गाळून एकदम हत्यार हातीं घेतात, आणि जें यंत्र अल्प श्रमांत नीट झालें असतें तें कायमचें निकामी करून बसतात. हा नियम विद्यार्थ्यांच्या मनावर ठसावा म्हणून आम्ही येथें एका जुन्या घरगुती संगणकाचें उदाहरण घेत आहों.

इंग्लंडांतील केंब्रिज येथील सिंक्लेअर रिसर्च या कंपनीनें १९८२ सालच्या एप्रिल महिन्यांत झेडएक्स स्पेक्ट्रम नांवाचा संगणक विक्रीस आणला. त्याचे १६ के व ४८ के असे दोन प्रकार असून किंमत अनुक्रमें १२५ व १७५ पौंड होती. घरांतील दूरदर्शन संचालाच तो जोडतां येई, त्यामुळें सामान्य कुटुंबांतहि त्याचा प्रवेश झाला. आपल्या देशांतहि डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनें परवाना घेऊन त्याची विक्री केली होती. १९९२ सालीं त्याचें उत्पादन थांबलें. तथापि अनेकांनीं हीं यंत्रें आजवर जपून ठेविलीं आहेत. अशा यंत्रांत वारंवार आढळणारा दोष म्हणजे सुरू होतांनाच स्मृतींत, म्हणजे मेमरींत, चूक निघणें हा होय.

प्रथम या स्मृतीची रचना पाहूं. ४८ के च्या यंत्रांत लिहितां-पुसतां येणारीं ४९,१५२ घरें असतात. त्यांचे क्रमांक १६,३८४ पासून ६५,५३५ पर्यंत आहेत. प्रत्येक घरांत ८ बिट, म्हणजे ० अथवा १ अशा आठ खुणा, मावतात. ३२,७६७ पर्यंतचीं घरें खालच्या ८ चिपांत, व त्यापुढचीं घरें वरच्या ८ चिपांत वांटलेलीं आहेत. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. एक चिप म्हणजे कांहीं घरांचा गट नव्हे. गटांतील प्रत्येक घराचा एकेक बिट एकेका चिपेकडे असतो. म्हणून एक चिप बिघडली तर तिच्या गटांतील सर्वच घरांत एकाच स्थानीं चूक दिसते.

यंत्र सुरू होतांच तें स्वतःची परीक्षा घेतें. तें सर्व घरांत २ हा अंक भरतें. मग खालून वर जात प्रत्येक घरांतून दोनदां १ वजा करतें. पहिल्या वजाबाकीनंतर शून्य येतां कामा नये व दुसरीनंतर आलेंच पाहिजे. जेथें हा हिशेब चुकेल तेथें परीक्षा थांबते, आणि त्याच्या अलीकडील घर हेंच स्मृतीचें शेवटचें घर असें यंत्र धरून चालतें. पडद्यावरील चित्रहि याच स्मृतींत राहत असल्यामुळें ही परीक्षा क्षणभर डोळ्यांनाहि दिसते: पडदा काळा होऊन त्यावर बारीक तांबड्या उभ्या रेषा उमटतात, मग त्या पुसल्या जाऊन कंपनीचें नांव येतें.

नांव आलें तर यंत्रास पुढील प्रश्न विचारावा: प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३. उत्तर ६५५३५ आल्यास परीक्षा पार पडली. ३२७६७ आल्यास खालचा गट चांगला असून दोष वरच्या गटांत आहे. यंत्र मेलेलें नाहीं. तें १६ के चें होऊन बसलें आहे, एवढेंच. आतां वरच्या गटांतील एखादें घर, समजा ४०,००० क्रमांकाचें, घेऊन पोक या आज्ञेनें त्यांत ० भरावें व पीक या आज्ञेनें परत वाचावें. शून्याऐवजीं ८ आले, तर ८ हें चौथ्या बिटाचें मोल असल्यामुळें त्या बिटाची चिप दोषी समजावी. नंतर २५५ भरून वाचावें. २५५ च्या जागीं २४७ आले तरीहि फरक ८ चाच आहे, म्हणून दोष त्याच बिटांत आहे. दोन्ही अंक भरून पाहणें अवश्य आहे. कारण यंत्राच्या परीक्षेंत फक्त २, १ व ० हेच अंक येत असल्यामुळें वरच्या सहा बिटांपैकीं एखादा ० वरच अडकला असल्यास ती चूक तिला सांपडत नाहीं. आठहि बिट एकदम चुकत असतील, तर आठ चिपा एकाच वेळीं बिघडल्या असें मानण्यापेक्षां, त्या सर्वांना सामाईक असलेला विद्युत्पुरवठा अथवा घराचा पत्ता पोंचविणाऱ्या चिपा तपासणें हेंच तर्कास धरून आहे.

नांवच येत नसेल, पडद्यावर पट्टे अथवा चौकटीच दिसत असतील, तर संशय खालच्या गटावर जातो. कारण पडद्याचें चित्र व यंत्राचे सर्व हिशेब तेथेंच असतात. येथें उतावळेपणा फार महाग पडतो. या गटांतील ४११६ जातीच्या चिपांना +५, +१२ व −५ असे तीन व्होल्टदाब लागतात. यांपैकीं +१२ व −५ हे यंत्रांतीलच एक लहान मंडल तयार करतें. तें बिघडून −५ चा दाब नाहींसा झाला कीं चांगली चिपहि जळूं शकते. मूळ कारण न शोधतां नवी चिप बसविणारा मनुष्य तीहि गमावतो, आणि या चिपा आतां नव्यानें तयार होत नाहींत.

यास्तव क्रम असा असावा. वीज बंद करून मागें जोडलेलीं सर्व उपकरणें काढावीं. वीज चालू असतां तीं जोडल्यानें अथवा काढल्यानेंच हें मंडल पुष्कळदां बिघडतें. अडॅप्टर ९ व्होल्टचा असून त्याच्या टोंकाचा मध्यभाग ऋण आहे ना, हें पाहावें. मात्र घरांतील विजेला जोडला जाणारा तो अडॅप्टर उघडूं नये. नंतर शिक्षकांच्या देखरेखीखालीं मल्टिमीटरनें खालच्या चिपेच्या १ ल्या पायावर −५, ८ व्या पायावर +१२ व ९ व्या पायावर +५ मिळतात कीं नाहीं हें मोजावें; १६ वा पाय भूमीचा होय. तिन्ही दाब बरोबर असतील तरच चिपेस दोष द्यावा. चिपा बहुधा डाख देऊन बसविलेल्या असतात. दोषी चिप ओढून काढूं नये. तिचे पाय कापून एकेक पाय स्वतंत्रपणें काढावा, म्हणजे तांब्याच्या रेषा उखडत नाहींत. त्या जागीं सॉकेट बसवून मगच नवी चिप घालावी.

सारांश, वरच्या गटाचा दोष अंकगणितानें सांपडतो व खालच्या गटाचा मोजमापानें. डाख वितळविण्याची कांडी दोन्ही ठिकाणीं सर्वांत शेवटीं येते. बाहेरून आंत, सोप्याकडून अवघडाकडे, आणि जें पुन्हा पूर्ववत् करतां येईल त्याकडून जें करतां येणार नाहीं त्याकडे, हा क्रम ज्यानें अंगीं बाणविला त्याच्या हातून चांगली वस्तु सहसा बिघडत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांनीं प्रयोगशाळेंतील प्रत्येक उपकरणाशीं याच रीतीनें वागावें, अशी आमची त्यांना आग्रहाची सूचना आहे.