खोलना-जोडना

आमच्या वर्गात मला आठवड्यातून एकदा तरी विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "तू खरंच पिस्तूल चालवतेस?" हो म्हटलं की लगेच दुसरा, "होस्टेलवर आणलंयस का गं? दाखव ना!" एकदा तर रेक्टर मॅडमनीही दबक्या आवाजात विचारलं होतं. म्हणून यंदा मासिकासाठी लेख मागितला तेव्हा ठरवलं, एकदाच सगळं लिहून टाकू.

आधी उत्तर देते. नाही, होस्टेलवर आणलेलं नाही आणि आणताही येत नाही. शस्त्र कायदा, १९५९ नुसार अशा पिस्तुलाला परवाना लागतो. मी ज्याला 'माझं' पिस्तूल म्हणते ते क्लबचं आहे. ते रेंजवरच्या लोखंडी कपाटात कुलपात असतं. रजिस्टरमध्ये सही करून घ्यायचं, सरांच्या देखरेखीखाली सराव करायचा, साफ करायचं आणि सही करून परत द्यायचं. मी मूळची कोल्हापूरची. आमच्या राही सरनोबतने २०१८ साली जकार्ता एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं तेव्हा मी शाळेत होते. तेव्हापासून डोक्यात हे खूळ! आधी १० मीटर एअर पिस्तूल, आणि मग २५ मीटरचं पॉइंट टू-टू.

पण आजचा विषय नेमबाजीचा नाही. त्या पिस्तुलाच्या देखभालीचा आहे. ती शिकताना माझ्या हातून एक चूक झाली. त्या चुकीसाठीच खरं तर हा लेख लिहिते आहे.

अर्ध-स्वयंचलित म्हणजे काय?

एकदा ट्रिगर दाबला की एकच गोळी सुटते. पुढचं सगळं काम पिस्तूल स्वतः करतं. गोळी सुटताच बोल्ट मागे जातो. त्याच्या तोंडावरची छोटी नखी, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, रिकामी पुंगळी चेंबरमधून ओढून काढते. इजेक्टरला आपटून ती पुंगळी बाहेर उडते. मागे जाता जाता बोल्ट हॅमर ताणून ठेवतो आणि स्प्रिंग दाबतो. मग तीच स्प्रिंग बोल्टला पुढे ढकलते, आणि पुढे येताना तो मॅगझिनमधलं वरचं काडतूस उचलून चेंबरमध्ये सारतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत! सैन्याच्या किंवा पोलिसांच्या पिस्तुलात बाहेरची अख्खी स्लाइड मागेपुढे होते. आमच्या स्पर्धेच्या पिस्तुलात बोल्ट आतल्या आत सरकतो, इतकाच फरक.

वरच्या क्रमातली शेवटची पायरी नीट वाचून ठेवा. काडतूस चेंबरमध्ये आपोआप जातं. ही गोष्ट पुढे परत येणार आहे.

एफ.ई.च्या मेकॅनिक्सची उजळणी

आमचं पिस्तूल 'ब्लोबॅक' तत्त्वावर चालतं. म्हणजे बोल्टला कुलूप नाही, खटका नाही. त्याला जागेवर धरतं ते फक्त त्याचं वजन आणि स्प्रिंग. मग दाब असताना तो लगेच उघडत का नाही? गणित करून बघू. पॉइंट टू-टूची गोळी साधारण २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ३३० मीटर. संवेग आला ०.८६ कि.ग्रॅ. मी./से. बोल्ट समजा २५० ग्रॅमचा. संवेग समान, म्हणून बोल्टचा वेग साधारण ३.४ मी./से. (वायूंचा वाटा सोडून दिलाय, व्हायवाला विचारू नका.) म्हणजे गोळी नळीतून ११५ मिलिमीटर जाईपर्यंत बोल्ट मागे सरकतो जेमतेम १.२ मिलिमीटर! पुंगळी चेंबरमधून बाहेर यायच्या आत गोळी नळीच्या बाहेर गेलेली असते आणि दाब उतरलेला असतो. हे गणित मी पहिल्यांदा मेसच्या पेपर नॅपकिनवर केलं तेव्हा एवढा आनंद झाला की जेवण थंड झालं.

मोठ्या काडतुसाला हे जमत नाही. पॉइंट फोर-फाइव्हची गोळी जवळजवळ १५ ग्रॅमची, तिचा संवेग आमच्या गोळीच्या चौपटीहून जास्त. तिच्यासाठी ब्लोबॅक करायचं तर बोल्ट फार जड लागेल. अमेरिकन संशोधक जॉन ब्राउनिंगने यावर तोड काढली. त्याने नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकवली. दोन्ही थोडं अंतर एकत्र मागे जातात, मग एक छोटा दुवा नळीची मागची बाजू खाली ओढतो आणि स्लाइड मोकळी होते. मार्च १९११ मध्ये अमेरिकी सैन्याच्या चाचणीत त्याच्या पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडल्या आणि ते एकदाही अडलं नाही. ब्राउनिंग १९२६ मध्ये वारला. त्याचं अपुरं राहिलेलं पुढचं काम बेल्जियमच्या सेव्हने पुरं केलं आणि १९३५ मध्ये 'हाय-पॉवर' पिस्तूल आलं. आपल्या इशापूरच्या कारखान्यात बनणारं सैन्याचं ९ मिमी पिस्तूल त्याच घराण्यातलं.

त्या शनिवारची गोष्ट

रेंजवर पिस्तुलांची देखभाल एक काका बघतात. सैन्यात आर्मरर होते. पिस्तूल उघडून पुन्हा बसवायला ते अजून सैन्यातलाच शब्द वापरतात, 'खोलना-जोडना'. सरावानंतर त्यांच्या टेबलावर जायचं आणि आपापलं पिस्तूल साफ करायचं, हा आमचा नेम.

त्या शनिवारी मी जलद प्रकाराचा सराव करत होते. यात निशाण तीन सेकंद समोर येतं आणि सात सेकंद वळतं, असं पाच वेळा. पाच गोळ्या भरल्या होत्या. पाचव्या वेळी हात वर जायला उशीर झाला आणि निशाण वळलं. मी चिडून हात खाली घेतला. तेवढ्यात वेळ संपली. सोमवारी सबमिशन होतं, सहाची बस गाठायची होती. मी मॅगझिन काढलं, खिशात टाकलं आणि पिस्तूल टेबलावर नेलं. चेंबरमध्ये घालायचा केशरी फ्लॅग पेटीतच राहिला. म्हटलं, मॅगझिन काढलंय ना, झालं तर!

आम्हाला सवय होती, पेटीत ठेवण्याआधी ट्रिगर दाबून हॅमर सैल करायची. मी बोट ट्रिगरकडे नेलं आणि काकांनी वरून माझं मनगट धरलं. काही बोलले नाहीत. पिस्तूल माझ्या हातातून घेतलं, तोंड भिंतीकडे केलं, बोल्ट मागे ओढला. टेबलावर टक्क असा आवाज झाला. पाचवं काडतूस होतं ते. घरंगळत जाऊन तेलाच्या बाटलीला थांबलं.

टेबलाच्या पलीकडे, अगदी माझ्या समोर, आठवीतली एक मुलगी तिची एअर पिस्तूल पुसत बसली होती.

सरांनी मला दोन आठवडे फायरिंग बंद केलं. आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं, पण ते फक्त म्हणाले, "काकांकडे बस. त्यांनी सांगितलं की मग ये." ते दोन आठवडे मी फक्त खोलत होते आणि जोडत होते. पुढे जे लिहितेय ते त्या टेबलावर शिकलेलं आहे.

टेबलावरचे नियम

१. तोंड आणि बोट. नळीचं तोंड सतत सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरच्या कडीबाहेर. काडतुसांची पेटी त्या टेबलावर नकोच.

२. आधी मॅगझिन, मग बोल्ट. हा क्रम उलटा केला तर काय होईल? बोल्ट ओढल्यावर आतलं काडतूस बाहेर पडेल आणि सोडल्यावर मॅगझिनमधलं नवं आत जाईल. मग तुम्ही मॅगझिन काढून निर्धास्त व्हाल, आणि पिस्तूल भरलेलंच असेल!

३. बघा आणि चाचपा. बोल्ट मागे अडकवून चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं, उजेड कमी असेल तर टॉर्च घ्यायचा, वर बोटाने चाचपायचं. मग शेजाऱ्याला दाखवायचं. ही पायरी चुकवू नका, कारण काही प्रकारच्या पिस्तुलांत (उदा. ग्लॉक) खोलण्याआधी ट्रिगर दाबावाच लागतो.

४. खोलणे. त्या पिस्तुलाच्या पुस्तिकेत दिलंय तेवढंच. बोल्ट, स्प्रिंग, स्प्रिंगचा दांडा, बस. पांढऱ्या फडक्यावर निघेल त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडायचं, जोडताना उलट यायचं. डोळ्यांवर चष्मा हवा, स्प्रिंग उडते. (एक स्प्रिंग मी कपाटाखाली पाऊण तास शोधली आहे.) ट्रिगरच्या आतल्या भागाला हात लावायचा नाही, ते काम आर्मररचं.

५. नळी. जमेल तिथे चेंबरच्या बाजूने साफ करायची. नळीच्या तोंडाची कड हा सर्वात नाजूक भाग, रॉड घासून ती झिजली तर नेम बिघडतो. सॉल्व्हंटची ओली चिंधी, थोडा वेळ थांबायचं, मग कोरड्या चिंध्या. पितळी ब्रश गरज असेल तेव्हाच.

६. बोल्टचं तोंड. ब्लोबॅकमध्ये धूर आणि काजळी मागे येते. शिवाय आमच्या गोळीला मेणासारखं वंगण असतं. हे सगळं एक्स्ट्रॅक्टरच्या नखीखाली साचतं. जुन्या टूथब्रशने खरवडायचं.

७. तेल थेंबाने. "पोरी, भजी तळायची नाहीत," असं काका पहिल्याच दिवशी म्हणाले होते. जास्त तेल काजळी धरतं, त्याचा लगदा होतो आणि बोल्ट मंदावतो. जिथे धातूवर धातू सरकतो तिथे पातळसा थर पुरे. मॅगझिन आतून कोरडंच ठेवायचं.

८. जोडून तपासणी. काडतुसाशिवाय बोल्ट ओढून सोडायचा. तो स्प्रिंगच्या जोरावर न अडखळता पुढे यायला हवा. पॉइंट टू-टूमध्ये रिकाम्या चेंबरवर ट्रिगर मात्र उगाच दाबायचा नाही. या काडतुसाची ठिणगी कडेला असते, त्यामुळे फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटून तिथे खड्डा पाडू शकते. म्हणजे माझी ती सवय दुहेरी चूक होती.

९. हात धुवा. गोळी शिशाची. साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही.

पावसाळ्यात आणखी एक पथ्य. घामाच्या बोटांचे ठसे पडतात तिथेच गंज धरतो. पेटीतला फोम ओल धरून ठेवतो, म्हणून ओलं पिस्तूल तसंच बंद करायचं नाही आणि सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहायच्या.

अडलं तर?

पुंगळी निघाली नाही तर आधी नखी आणि चेंबर बघा. पुंगळी अर्धवट बाहेर येऊन उभी अडकली तर बोल्ट पुरेसा मागे जात नाहीये, बहुतेक वेळा काजळीमुळे. काडतूस वर येत नसेल तर मॅगझिनचे ओठ वाकलेत का, स्प्रिंग दमलीय का, ते बघा. स्पर्धेत मात्र स्वतः उघडत बसायचं नाही. पिस्तूल निशाणाच्या दिशेला धरून ठेवायचं आणि रिकामा हात वर करायचा. पंच येऊन तपासतात. दोष पिस्तुलाचा असेल तर सवलत मिळते, नेमबाजाचा असेल तर नाही.

टोकियो ऑलिंपिकमध्ये, २५ जुलै २०२१ रोजी, मनू भाकरच्या एअर पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला. दुरुस्तीत बराच वेळ गेला. ती ५७५ गुणांवर बारावी आली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. यंत्र आहे, कितीही जपलं तरी कधीतरी दगा देणारच. २०२४ च्या पॅरिसमध्ये तिनेच दोन कांस्यपदकं मिळवली, हेही लक्षात ठेवायला हवं.

जाता जाता

दोन आठवड्यांनी काकांनी मला पिस्तूल परत दिलं. मी आनंदाने हातात घेतलं, तर लगेच काढून घेतलं! म्हणाले, "बघितलंस का? कुणी दिलं तरी बघायचं. मी दिलं तरी बघायचं. आत्ता बघितलेलं असलं तरी परत हातात आलं की परत बघायचं." तेव्हापासून मी बघते. रेंजवर तर बघतेच, पण वर्कशॉपमध्ये लेथ चालू करण्याआधी चकमध्ये चावी राहिली नाही ना, हेही बघते. बॅचमधली मुलं हसतात. हसू देत.

आता रेंजवर नवीन मुली आल्या की पहिल्या दिवशी मी त्यांच्या हातात पिस्तूल देते, बोल्ट मागे, फ्लॅग आत. जी न बघता घेते तिच्या हातातून काढून घेते. त्या दिवशी समोर बसलेली ती मुलगी आता अकरावीत आहे. परवा मी तिला पिस्तूल दिलं, तर तिने चेंबर बघितला, बोटाने चाचपला, आणि मग माझ्याकडे बघून हसली. तिला तो शनिवार आठवतो की नाही, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

असो. कुणाला यायचं असेल तर रविवारी सकाळी जरूर या, काकांचं टेबल दाखवीन. फक्त पिस्तूल होस्टेलवर आणलंय का, एवढं मात्र आता विचारू नका!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी