ट्रायथ्लॉनचा खेळाडू कसा निवडावा व कसा घडवावा?

विद्यार्थिमित्रहो, शाळेच्या शर्यतींत पहिल्या आलेल्या मुलाकडे पाहून, "हा पुढें मोठा खेळाडू होणार," असें आपण सहज बोलून जातों. जो शेवटीं राहिला त्याच्याविषयींहि आपण मनांतल्या मनांत उलट निकाल देऊन टाकतों. हे निकाल कितपत टिकतात, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा असून त्यासाठीं ट्रायथ्लॉन या खेळाचें उदाहरण घेतलें आहे.

पोहणें, सायकल चालविणें व धांवणें हीं तीन कामें मध्यें विश्रांति न घेतां एकामागून एक करावयाचीं व एकंदर वेळ मोजावयाचा, असें या शर्यतीचें स्वरूप आहे. या नांवानें आधुनिक काळांत भरलेली पहिली शर्यत अमेरिकेंत सॅन डिएगो येथें १९७४ सालीं झाली व २००० सालीं सिडनीच्या ऑलिंपिकांत या खेळाला स्थान मिळालें. तेथें १५०० मीटर पोहावें, ४० किलोमीटर सायकल चालवावी व १० किलोमीटर धांवावें लागतें.

पहिल्या प्रतीच्या खेळाडूंना १९९५ पासून सायकलीवर दुसऱ्याच्या पाठीशीं आडोशानें जाण्याची मुभा आहे. पुढच्यानें वारा फोडला म्हणजे मागच्याचे श्रम पुष्कळ वांचतात. म्हणून जो पाण्यांतून पहिल्या घोळक्याबरोबर बाहेर येत नाहीं, त्याला ती तूट एकट्यानें भरून काढणें फार कठीण जातें. पोहण्याची कला बाळपणीं सहज अंगवळणीं पडते, मोठेपणीं कष्टानें साधते. सायकलीची शर्यत मात्र प्रौढ वयांतहि शिकतां येते. यास्तव अनेक देशांतील संस्था मुलांची निवड करतांना त्यांना पोहण्यास व धांवण्यास किती वेळ लागतो तें तपासतात.

परंतु घड्याळ आजचा वेळ सांगतें. तो कशामुळें साधला हें सांगत नाहीं. मुलींची उंची बहुधा १२ व्या व मुलांची १४ व्या वर्षाच्या सुमारास सर्वांत झपाट्यानें वाढते. पण हा काळ कोणाला वर्ष दोन वर्षें आधीं येतो, तर कोणाला तितकाच उशिरां. एकाच वयाच्या दोन मुलांपैकीं एकाचें शरीर जवळजवळ प्रौढ झालेलें असतें, तर दुसरा अद्याप बालकच असतो. पहिला जिंकला तर त्यांत गुण किती व लवकर झालेली वाढ किती? शिवाय वयाची मर्यादा १ जानेवारीस धरली, तर जानेवारींत व डिसेंबरांत जन्मलेलीं मुलें एकाच गटांत येतात. कॅनडांतील बर्फावरील हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा १९८५ च्या सुमारास तपासल्या, तेव्हां वर्षाच्या आरंभींच्या महिन्यांत जन्मलेलेच फार अधिक आढळले. डिसेंबरांतील मुलें उपजतच दुबळीं असतात असें कोण म्हणेल? निवडलेल्यांस उत्तम शिक्षक व अधिक सराव मिळतो. वगळलेला घरीं बसतो. आणि मग मूळची चूकच खरी ठरल्यासारखी दिसते.

आतां कांहीं थोर खेळाडूंचा क्रम पाहूं. इंग्लंडच्या यॉर्कशायरमधील ॲलिस्टर ब्राउनली याचे गुण लवकर दिसले. २००६ सालीं तो कनिष्ठ गटांत जगज्जेता झाला. तरीहि २००८ सालीं बीजिंगच्या ऑलिंपिकांत तो बारावा आला. सुवर्णपदकें मिळालीं तीं २०१२ व २०१६ सालीं. अमेरिकेची ग्वेन जॉर्गेन्सन विद्यापीठांत पोहण्याच्या व पुढें धांवण्याच्या संघांत होती. नंतर ती हिशेबनिसाची नोकरी करूं लागली. तेथील राष्ट्रीय संस्थेनें तिचे हे दोन गुण हेरून तिला या खेळांत आणिलें, तेव्हां तिनें विशी ओलांडली होती. २०१२ सालीं लंडन येथें ती अडतिसावी आली व २०१६ सालीं रिओ येथें पहिली. बर्म्युडाच्या फ्लोरा डफी हिला २००८ सालीं शर्यत पुरीहि करतां आली नाहीं व कांहीं काळ तिनें खेळच सोडला. ती पुनः परतली. २०१२ सालीं पंचेचाळिसावी, २०१६ सालीं आठवी, आणि २०२१ सालीं झालेल्या टोकियो ऑलिंपिकांत, वयाच्या ३३ व्या वर्षीं, पहिली आली. २०१२ पासून २०२४ पर्यंतच्या चार ऑलिंपिकांत वैयक्तिक सुवर्णपदक मिळविणाऱ्यांपैकीं एकहि २४ वर्षांहून लहान नव्हता. तेव्हां चौदाव्या वर्षीं केलेली निवड म्हणजे दहा वर्षांपलीकडील फळाचें भाकीत होय.

यासाठींच दीर्घकालीन जोपासनेचा विचार पुढें आला. मूळचे हंगेरीचे व कॅनडांत कार्य केलेले इस्तव्हान बाल्यी यांनीं १९९० नंतरच्या दशकांत त्याच्या पायऱ्या मांडल्या: आधीं खेळांतील आनंद व मूलभूत कौशल्यें, मग सरावाची रीत, मग शक्तीची वाढ, नंतर स्पर्धेची तयारी व अखेरीस विजय. अमुक वयांत अमुक गुण वाढविला नाहीं तर संधि कायमची गेली, या त्यांतील सूचनेला पुरेसा आधार नाहीं असें पुढील संशोधकांनीं दाखविलें आहे. पण जन्मतारखेपेक्षां शरीराच्या वाढीकडे पाहून श्रम ठरवावे, हें तत्त्व मोलाचें आहे. उंची झपाट्यानें वाढते तेव्हां हाडें पुढें जातात व स्नायु मागें पडतात; गुडघे व टांचा दुखूं लागतात. अशा वेळीं धांवणें कमी करून पोहण्यावर भर देतां येतो, कारण पाण्यांत सांध्यांवर शरीराचा भार पडत नाहीं.

तात्पर्य, शिक्षकांनीं दर तीन महिन्यांनीं मुलांची उंची मोजावी, शर्यतींतील क्रमाबरोबर मागील वेळेपेक्षां झालेली सुधारणाहि टिपावी, आणि एकदां वगळलेल्यास पुनः परीक्षा देण्याचा मार्ग मोकळा ठेवावा. आणि मित्रहो, तुमच्यापैकीं जो आज पहिला आला त्यानें आपली रीत सुधारीत राहावें, कारण उंचीचा लाभ पुढें सर्वांना मिळणार आहे. जो मागें राहिला त्यानें सराव सोडूं नये, कारण त्याचें शरीर अद्याप घडावयाचें आहे.