लोखंडी नांगर आणि एक डोळा रोप



गेल्या गटसभेत एक डोळा रोपांचा विषय निघाला तेव्हा मागून आवाज आला, "साहेब, ऊस म्हंजे काय मिरची हाय व्हय, रोपं लावायला?" हशा पिकला. मला मात्र लोखंडी नांगर आठवला.

बेळगावात सायकली विकणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर घडवला. लोखंडाने जमिनीत विष भिनते, असा तेव्हा समज. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली! त्या शेतकऱ्यांना हसू नये. बिघडले असते तर पीक त्यांचेच जाणार होते. पण नांगर रानात चालला आणि खपू लागला. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली.

आता आपला हिशेब. दोन डोळ्यांची दहा हजार टिपरी एकरी लावली, तर वीस हजार डोळे मातीत जातात. साडेचार बाय दोन फुटांवर रोपे बसतात ४,८४०. बेणे वाचते, नांग्या कमी पडतात. मात्र ट्रे, कोकोपीटचा खर्च आहे, आणि लावणीनंतर पाणी चुकले की रोपे माना टाकतात. हे झाकून ठेवत नाही.

म्हणून सगळे रान घालू नका. दहा गुंठे रोपांचे, शेजारी दहा गुंठे टिपरीचे, खतपाणी सारखे. तोडणीला दोन्हींचे वजन वेगळे करा, मीही काट्यावर हजर राहीन. नावे गट ऑफिसात चिटबॉयकडे द्यावीत. मिरचीवाल्यांनी पहिले नाव दिले तर बरे.