डोळा किती सांगतो

अगं मुक्ता, स्टेटस टाकलंस की घटकेघटकेला तो डोळा उघडून बघतेस, म्हणून सांगते. व्हॉट्सॲपच्या डोळ्याजवळचा आकडा म्हणजे तेवढ्या जणांच्या फोनवर तुझं स्टेटस उघडलं. एक संपलं की पुढच्याचं आपोआप सुरू होतं; बाई भाजी निवडत बसलेली असते आणि तिचं नाव तुझ्या यादीत येऊन बसतं. तेव्हा ‘बघितलं, पण चकार शब्द काढला नाही’ असा राग कुणावर धरू नकोस.

नाव नाही म्हणून बघितलंच नाही, असंही समजू नकोस. ज्यानं रीड रिसीट्स बंद केल्यात त्याचं नाव दिसत नाही. तू बंद केल्यास तर तुलाही कुणाचं दिसणार नाही. शिवाय दोघींकडे एकमेकींचा नंबर सेव्ह असावा लागतो. नणंदबाईंनी नंबर बदलला असेल तर त्यांना तुझं स्टेटस दिसणारच कसं? रुसण्याआधी नंबर तपासावा.

इन्स्टाग्रामवर फोटोभोवतीचं रंगीत कडं म्हणजे स्टोरी बघायची राहिलीय; बघितली की ते राखाडी होतं. हिरवं कडं मात्र जप. त्या माणसानं तुला क्लोज फ्रेंड्समध्ये धरलंय, तिथलं बोलणं चार घरी नेऊ नये. तुझी स्टोरी बघणाऱ्यांच्या यादीत नावाशेजारी लाल बदाम दिसला तर स्टोरी आवडल्याची ती खूण. 2022 पासून ती सोय आहे. यादीत कोण वर, कोण खाली, हे इन्स्टाग्राम ठरवतं. वरचा माणूस तुझ्यावर पाळत ठेवून आहे असं त्यातून निघत नाही. ‘प्रोफाइल कोण बघतं ते दाखवतो’ म्हणणाऱ्या ॲपला पासवर्ड तर मुळीच देऊ नकोस. इन्स्टाग्राम ती माहिती कुणालाच देत नाही.

आणि मला खरी काळजी याची वाटते: तुझ्या स्टोरीचा कुणी स्क्रीनशॉट काढला तर स्नॅपचॅट कळवतं, इन्स्टाग्राम कळवत नाही. स्टोरी 24 तासांनी जाते, स्क्रीनशॉट राहतो. मुलांच्या शाळेचा बिल्ला, घराचा नंबर, गाडीचं तिकीट यातलं काही फोटोत येऊ देऊ नकोस. कुणापासून काही लपवायचं असेल तर व्हॉट्सॲपवर ‘माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट’मध्ये त्याचं नाव स्टेटस टाकण्याआधी घाल. नंतर घातलंस तर आधीच गेलेलं स्टेटस त्याला दिसतच राहतं.